फेरेटच्या अ‍ॅनल ग्लँडला सूज आलीय? या चुका टाळा

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी, आणि त्याच्या बाबतीत पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही ग्लँड घरी दाबणं. कुत्र्याच्या ग्लँड्स ग्रूमर दाबून रिकाम्या करतो ते बघून लोक फेरेटचंही तसंच करायला जातात, प्लीज करू नका. शेपटीखाली, शीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात साधारण त्या जागी दोन छोट्या पिशव्या असतात, त्या अशा मुद्दाम रिकाम्या करायची गरजच नसते. घाबरला की फेरेट त्यातला द्रव स्वतःच सोडतो, घाण वास येतो आणि थोड्या वेळात जातो. पण एका बाजूला गाठ आलीय, लाल झालीय, तो बूड घासतोय, सारखा चाटतोय, तर आत पू असू शकतो आणि दाबलं की पिशवी आतल्या आत फुटून इन्फेक्शन पसरू शकतं. व्हेट भूल देऊन ते साफ करतात, लागलं तर अँटिबायोटिक आणि पेनकिलर देतात.

"आमच्याच्या ग्लँड्स काढल्यात, त्याला कसं होईल?" असं म्हणून थांबू नका. अमेरिकेत मार्शल या फेरेट पैदास करणाऱ्या कंपनीकडून आलेल्या फेरेटच्या कानात दोन ठिपके गोंदलेले असतात, म्हणजे नसबंदी झालीय आणि ग्लँड्सही काढल्यात. तरी एखादा तुकडा आत राहिलेला असेल तर तिथे पू होऊ शकतो. आणि अंगाचा वास त्यानंतरही राहतोच, तो कातडीच्या तेलाचा असतो, त्यासाठी सारखी आंघोळ घातली तर उलट तेल वाढतं.

आता हे नीट वाचा. नर फेरेट कुंथतोय म्हणजे ग्लँड किंवा बद्धकोष्ठ असं धरून चालू नका. अ‍ॅड्रिनलचा (किडनीजवळच्या हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथीचा) आजार असला की प्रोस्टेट (लघवीच्या नळीभोवतीची नराची ग्रंथी) सुजू शकतं आणि लघवी अडते, शेपटीवरचे केस गेले असतील तर ही शंका जास्त घ्यायची. लिटर बॉक्स (त्याचा शी-शूचा ट्रे) बघा, लघवीने ओला झालेला दिसतोय का, नुसते थेंब येत असतील किंवा काहीच नसेल तर सकाळची वाट न बघता रात्रीच इमर्जन्सीला न्या, जीव जातो यात.

घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको, टी ट्री ऑइलही नको, सगळं विषारी आहे त्याला. भोपळ्याचा गर कुत्र्यांना ग्लँडच्या त्रासावर देतात, पण फेरेट पक्का मांसाहारी, त्याला फायबर पचत नाही. कोमट ओल्या कपड्याने शेक दिला तर चालेल, तोही त्याने करू दिला तरच.

ग्लँड काढायचं ऑपरेशन ठरलं तर रात्रभर उपाशी ठेवू नका. त्याचं अन्न साधारण ३-४ तासांत आरपार जातं, आणि वयस्कर फेरेटला इन्सुलिनोमा (जास्त इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडातली गाठ) असेल तर साखर एकदम खाली येते, त्यामुळे किती तास उपाशी ठेवायचं ते व्हेटलाच विचारा. फेरेटची ऑपरेशन्स नेहमी करणारा व्हेट शोधा, कारण शी रोखून धरणारा स्नायू अगदी लागूनच असतो. आणि काढलेली गाठ लॅबला पाठवायला सांगा, तिथे कॅन्सरही होऊ शकतो, नुसतं बघून कळत नाही.