जुन्या जपानी कांस्य धूपदाणीबाबत या चुका टाळा

चिंच, लिंबू, रांगोळी यांपैकी काहीही तिला लावू नका. हे आधी सांगते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही नाही. आपल्याला समई लखलखीत घासायची सवय असते. पण जपानी धूपदाणीचा, म्हणजे ‘कोरो’चा, काळपट किंवा मधाळ तपकिरी रंग हा मळ नसतो. ओतकामानंतर कारागिराने रासायनिक प्रक्रियेने तो मुद्दाम आणलेला असतो. १८७६ मध्ये जपानात तलवार लावून फिरण्यावर बंदी आली. तलवारींचा साज घडवणाऱ्या अनेक कारागिरांचे कसब मग फुलदाण्या-धूपदाण्यांत उतरले. लिंबाच्या एका फोडीने ते कसब पुसले जाते आणि उरतो नुसता पिवळा-तांबूस धातू. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, एवढे पुरे.

हिरवे दिसले की घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवट थर बहुधा निरुपद्रवी असतो. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड मात्र धोक्याची: क्षार आणि दमट हवा मिळून आतून धातू खातात. पूड हलकेच झटका, वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवा आणि काही दिवसांनी बघा. पुन्हा पूड पडली असेल तर धूपदाणी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवून धातुसंवर्धकाकडे न्या. कोकणात, मुंबईत खारी हवा असल्याने पावसाळ्यात हे जरूर तपासा.

झाकणावरच्या सिंहाच्या, ‘शिशी’च्या, तोंडातून धूर येत नाही? आत तार खुपसू नका, ओरखडे पडतात. बहुतेकदा राख काठोकाठ भरलेली असते किंवा पोकळीत काजळी साचलेली असते. राख कमी करा, काजळी बारीक ब्रशने काढा. आणि निखारा थेट धातूवर कधीच नको. खाली राखेचा जाड थर हवा. खरे तर जुनी, मोलाची वस्तू असेल तर तिच्यात धूप जाळूच नये, असे माझे मत आहे.

ओळखतानाही गफलत होते. आयाळ कुरळी आणि पंजे असतील तर शिशी. खूर, शिंग आणि खवले असतील तर किरिन हा काल्पनिक प्राणी. सोंड असली तरी तो हत्तीच असेल असे नाही, दुःस्वप्ने खाणारा काल्पनिक बाकुही असू शकतो. बुडाशी चीनचा मिंग सम्राट शुआनदे (१४२६–३५) याच्या काळाचा शिक्का दिसला म्हणून वस्तू त्या काळातली ठरत नाही. तो शिक्का नंतरही सर्रास उमटवला गेला.

उचलताना सिंहाला धरू नका. झाकण सुटे असते, दोन्ही हात बुडाखाली घाला.