हिवाळ्यात ट्रेलर काढताय? आधी नळ बंद करा

ऑक्टोबर संपत आला की कॅनडातल्या कॅल्गरीतले बहुतेक ट्रेलरवाले आपलं हे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर ताडपत्रीखाली झाकतात आणि मेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हप्ते बारा महिने भरायचे आणि वापर चार महिने, हा हिशेब मला पटत नाही. बॅन्फचं राष्ट्रीय उद्यान इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिथलं टनेल माउंटन व्हिलेज टू हे कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही चालू असतं, जागेवर वीज मिळते, वॉशरूम गरम असतं आणि उन्हाळ्यासारखी आरक्षणाची मारामारी नसते. आम्ही पाच जण जातो: मी, नवरा, दोन पोरं आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. ट्रेलर सव्वीस फुटी, ओढायला हाफ-टन वर्गातला पिकअप ट्रक, आणि चालवते मी. तेव्हा पुढचं सगळं अशाच लवाजम्यासाठी आहे. दोघंच जाणार असाल तर तुम्हाला आणखी धाडस परवडेल.

माझा सल्ला एका वाक्याचा आहे: ट्रेलरमधलं पाणी पूर्ण बंद करून जा. टाकीत थेंब नको, नळात थेंब नको. बाकीचं सगळं त्यामानाने सोपं आहे.

कारण असं की ट्रेलरमध्ये थंडीने माणसं आजारी पडत नाहीत, नळ्या पडतात. त्या प्लास्टिकच्या, ट्रेलरच्या तळाखालून आणि बाहेरच्या भिंतींना चिकटून गेलेल्या. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. नळी एखादवेळेस ते सोसते. तिचे सांधे, पंप आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह सोसत नाहीत. ‘फोर सीझन’ अशी पाटी लावलेल्या ट्रेलरलाही हे चुकत नाही. पाणी चालू ठेवून राहणारे लोक आहेत, नाही असं नाही. त्यांना तापणारा होज लागतो, टाक्यांखाली हीटिंग पॅड लागतात, फर्नेस (ट्रेलर तापवणारी गॅसची भट्टी) रात्रभर वीस अंशांवर लागते, सिंकखालची कपाटं उघडी ठेवावी लागतात. बाहेर उणे वीस असताना पाण्याची राखण करायची की पोरांची, हे आधी ठरवा.

पाणी बंद करण्याचं काम शून्याच्या वर तापमान असलेल्या दुपारी करा. गोड्या पाण्याची टाकी रिकामी करा. वॉटर हीटर आदल्या रात्रीच बंद करून थंड होऊ द्या, दाब सोडा आणि मगच त्याचं बूच काढा; गरम असताना काढलंत तर पाणी अंगावर येईल. बायपासचा व्हॉल्व्ह फिरवायला विसरू नका, नाहीतर वीसेक लिटर अँटीफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारं द्रव्य, त्या हीटरच्या पोटातच जाईल. मग पंपाची नळी ट्रेलरसाठीच मिळणाऱ्या गुलाबी ‘आरव्ही’ अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवा आणि एकेक नळ उघडा, गरम वेगळा, गार वेगळा, गुलाबी धार दिसेपर्यंत. शॉवर, टॉयलेट आणि बाहेरच्या बाजूला असलेला तो छोटा शॉवर, जो सगळेच विसरतात. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर ओता. आठ ते बारा लिटरांत भागतं. हे गुलाबी द्रव्य प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या इंजिनातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते ट्रेलरच्या नळ्यांत कधीही नाही.

मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, पाणीच नाही म्हणतेस, तर सकाळी तोंड कशाने धुवायचं?” उत्तर: वीस लिटरचे दोन निळे कॅन, तोटीसकट. ते ट्रेलरच्या आत, दारापासून लांब ठेवायचे, कारण दारापाशी रात्रीत बर्फ धरतो. एक पिण्याचा, एक वरच्या कामाचा. आंघोळ कॅम्पग्राउंडच्या वॉशरूममध्ये. भांडी टबात विसळायची आणि ते पाणी वॉशरूमपाशी ठरवून दिलेल्या सिंकमध्ये नेऊन ओतायचं. बर्फावर भिरकावून द्यायचं नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, आणि खरकट्याच्या वासाला जनावर येतं. टॉयलेट फक्त रात्रीपुरतं: निघतानाच काळ्या टाकीत, म्हणजे टॉयलेटच्या मैल्याच्या टाकीत, तीन-चार लिटर गुलाबी द्रव्य टाकायचं आणि फ्लशसाठी त्याचाच जग शेजारी ठेवायचा. गाडीची काच धुवायचं निळं पाणी स्वस्त पडतं म्हणून काही जण तेच वापरतात, पण त्यात मेथॅनॉल असतं. लहान मुलांच्या हाताशी मला ते नको.

आता ऊब. आमची फर्नेस तीस हजार बीटीयूची. तेरा किलोचा, म्हणजे तीस पौंडी, प्रोपेनचा भरलेला सिलिंडर तिला सलग जळत ठेवला तर एकवीसेक तास पुरतो. उणे पंधरा-वीसला ती निम्मा वेळ तरी जळत असते, म्हणजे एका सिलिंडरला दोन दिवसांपेक्षा कमीच आयुष्य धरा. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू होऊ शकतो हे खरं, पण थंडी वाढते तसा दाब उतरतो आणि सिलिंडर तळाला आला की तो आणखी रडतो. म्हणून ट्रेलरचे दोन्ही सिलिंडर भरून न्या, आणि झोपायच्या आधी जो जास्त भरलेला आहे त्यावर फिरवा. गॅस नेहमी पहाटे तीनलाच संपतो.

नळ्या कोरड्या असल्याचा खरा फायदा इथे कळतो. पाणी असतं तर तळाखालच्या नळ्यांना ऊब मिळावी म्हणून फर्नेसच चालवावी लागली असती; विजेच्या हीटरने खोली तापते, पण खाली काहीच जात नाही. आता तो प्रश्नच नाही. पंधराशे वॅटचा एक हीटर रात्रभर मंद चालवा आणि फर्नेस सोळा-सतरा अंशांवर मदतीला ठेवा. फक्त गणित लक्षात ठेवा: तीस अँपिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॅट. हीटर साडेबारा अँपिअर खातो. त्यात विजेची किटली आणि इन्स्टंट पॉट (विजेचा प्रेशर कुकर) एकदम लावलात की अंधार. जाड, बाहेरच्या वापराचीच वायर घ्या. ती थंडीत वेतासारखी ताठ होते, त्यामुळे पोहोचल्या पोहोचल्या आधी तीच उलगडा.

विजेशिवायच्या जागेवर सहकुटुंब जाऊ नका, हे माझं मत. फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो आणि शंभर अँपिअर-अवरची साधी लेड-अॅसिड बॅटरी थंडीत एक रात्रही धड काढत नाही. लिथियम असेल तर तिचे सेल शून्याखाली असताना चार्ज करायचे नसतात.

सगळ्यांना गारठ्याची काळजी असते. मला वाफेची असते. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, ओले हातमोजे वाळत असतात, आणि गॅस जळतानाही पाणी तयार होतं. त्यात आपला स्वयंपाक! कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे खिडक्यांवर आतून बर्फाचा पापुद्रा, आणि दुसऱ्या दिवशी तो वितळून गाद्यांखाली. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ट्रेलरमध्ये शिट्टी नाही. वरण, उसळ, रस्सा घरी करून, डब्यांत गोठवूनच न्यायचं. तिथे फक्त गरम करायचं. भात इन्स्टंट पॉटमध्ये, आणि वाफ सोडताना तो दाराबाहेर पायरीवर. पिठलं तिथे करा, पटकन होतं, पण फोडणी घालताना छताची झडप आणि पंखा दोन्ही उघडे हवेत, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म तडतडतो. भाकऱ्या चुलीवरच हव्यात असा हट्ट असेल तर बाहेर शेकोटीवर तवा टाका. सासूबाईंनी टाकला, साडीखाली बर्फातली पँट घालून.

छताची एक झडप बोटभर उघडीच ठेवायची, चोवीस तास. ऊब जाते म्हणून जीव तुटतो, तरी उघडी ठेवायची. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे काचा आणि खिडक्यांच्या चौकटी पुसणं. हे काम पोरांना द्या, प्रत्येकाला एक फडकं. गाद्या उभ्या करून खालची फळी बघा. भिंत आणि गादी यांच्यामध्ये फोमची पातळ शीट घाला. खालचा बंक सगळ्यात गार असतो, तिथे धडधाकट मुलाला झोपवा. आजी वर चढणार नाहीत, त्यांना मधला पलंग. छताच्या काचेच्या खिडकीत उशीच्या जाडीचा फोम कोंबला की फरक लगेच कळतो. भाजी गोठू नये म्हणून कूलरमध्ये ठेवा, हो, ऊब राखायला. कोथिंबीर नेऊच नका. खोबरेल तेल तर अर्थातच दगड होतं.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. गॅसच्या शेगडीवर ट्रेलर तापवायचा नाही, कधीच नाही. जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो ओळखणाऱ्या डिटेक्टरवरची मुदत प्रवासाला निघण्याआधी वाचा. ती संपली असेल तर तो टेस्टच्या बटणाला ओरडला तरी बदला. बर्फ पडून गेला की बाहेर जाऊन फर्नेसच्या धुराचं तोंड मोकळं करा. आणि सकाळी ट्रक तापवत ठेवायचा तर ट्रेलरच्या खिडकीखाली नको.

आता ओढण्याबद्दल. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती किलो. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा विसरा, हा आकडा पाठ करा. समजा तो सातशे आहे. भरलेला ट्रेलर २,९०० किलोचा असेल तर त्याच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे २९० ते ४३५ किलो, ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, येतात. पाच जणांचे तीनशे धरा. उरलं काय? म्हणून लाकडाचे भारे ट्रकच्या हौद्यात रचताना हात आखडता घ्या.

ट्रकला डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले हिवाळी टायर हवेतच. आमच्या अल्बर्टा प्रांतात कायद्याची सक्ती नाही, पण पुढे शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात गेलात तर १ ऑक्टोबरपासून बहुतेक महामार्गांवर आहे. ट्रेलरच्या टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि बर्फावर पकड धरत नाही, त्यामुळे तो मागून ढकलणारच. ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा जोर नेहमीपेक्षा कमी करा, म्हणजे त्याची चाकं एकदम जाम होऊन घसरणार नाहीत. ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा आणि कंट्रोलरची दांडी हाताने हलकेच ओढा, म्हणजे ट्रेलरच मागे खेचला जातो. क्रूझ कंट्रोल बंद. टायरची हवा थंड सकाळी तपासा, दर साडेपाच अंशांमागे एक पीएसआय उतरते. ट्रेलरच्या छतावर बर्फ घेऊन निघू नका, तो मागच्याच्या काचेवर जातो.

या रस्त्यावर मला दोन जागा आवडत नाहीत. एक स्कॉट लेक हिल, जिथे चढ लांब आणि उतार त्याहून फसवा. दुसरी लाक देझार्कचा तो टप्पा, जिथे तळ्यावरून आडवा वारा येतो आणि ट्रेलरची सव्वीस फूट भिंत शिडासारखी फुगते. निघण्याआधी ५११ अल्बर्टा या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्ता आणि वारा बघा. चिनूक (डोंगरावरून येणारा उबदार वारा) सुटला असेल तर हवा गोड वाटते, पण दुपारी वितळलेलं पाणी रात्री काच होतं. अशा दिवशी मी दहाच्या पुढे निघते आणि चारच्या आत पोहोचते. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतोच.

जागेवर ट्रेलर रिव्हर्स न करता पुढून बाहेर काढता येईल अशीच जागा निवडा. चाकांखाली आणि प्रत्येक जॅकखाली लाकडी फळ्या घाला, नाहीतर ते जमिनीला गोठून बसतात आणि निघायच्या दिवशी कुऱ्हाड शोधावी लागते. स्लाइडशिवाय (ट्रेलरचा बाहेर सरकवता येणारा भाग) भागत असेल तर ती आतच ठेवा. बाहेर काढलीत तर बंद करण्याआधी तिच्या डोक्यावरचा बर्फ लांब दांड्याच्या फोमच्या ब्रशने झाडा. कुलुपाचा बर्फ वितळवणारा स्प्रे खिशात ठेवा, ट्रेलरमध्ये नव्हे.

पोरांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. दिवसा काही प्रश्न नसतो. स्लेज, जॉन्स्टन कॅन्यनचा गोठलेला धबधबा (बुटांना लावायचे काटे घ्या, तिथला रस्ता निव्वळ बर्फाचा असतो), लेक लुईसवर स्केटिंग. लोकरी किंवा सिंथेटिक आतले कपडे, सुती एकही नको. एल्क, म्हणजे मोठी हरणं, कॅम्पमधून गाईगत फिरतात. पार्क्स कॅनडाचा नियम तीस मीटर अंतराचा आहे आणि पोरांना तो फोटोच्या आधी शिकवा. खरी परीक्षा संध्याकाळी पाच ते नऊची. त्यासाठी पत्ते, सापशिडी आणि आजी. भेंड्या सुरू झाल्या की आजी जिंकतात, तेव्हा त्यांना विरुद्ध संघात घेऊ नका.

उणे पंचवीसच्या खाली अंदाज गेला तर मी बेत रद्द करते. आरक्षणाचे पैसे गेले तर गेले.

घरी आल्यावर पहिल्याच उबदार दिवशी ट्रेलर आणि ट्रक खालून धुवा, रस्त्यावरचं मीठ लोखंड खातं. ट्रक आणि ट्रेलरची वीज जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगला ग्रीस लावा. कपाटं उघडी, गाद्या उभ्या, आत हीटर अर्धा दिवस. काळी टाकी गोठलेली वाटली तर तिचा व्हॉल्व्ह जोर लावून ओढू नका, चिनूक येईपर्यंत थांबा. आणि सिलिंडर त्याच आठवड्यात भरून आणा. पुढच्या वेळी शुक्रवारी संध्याकाळी रांगेत उभं राहायला कोणाला वेळ असतो!