प्रतीक शोधण्याआधी वस्तू पाहा

मराठी विशेष घेतलेली मुलं पहिल्या चाचणीच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतात, “मॅडम, यातलं प्रतीक कोणतं लिहायचं?” विचारण्यात गैर काही नाही. प्रश्नपत्रिकेत ‘प्रतीकात्मकता स्पष्ट करा’ असं छापलेलं असतं आणि गाईडमध्ये उत्तर तयार असतं: पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, पाऊस म्हणजे दुःख, काळा रंग म्हणजे मृत्यू. ही यादी पाठ करून पास होता येतं. पण तिच्या भरवशावर नाटक वाचता येत नाही आणि सिनेमा तर मुळीच पाहता येत नाही. एम. ए. झाल्यापासून मी हेच शिकवते, जमेल तसं सिनेमावर लिहिते. या वाटेला नव्याने लागणाऱ्यांसाठी माझी कामाची पद्धत इथे सांगते. ती अगदी साधी आहे. वस्तू आधी वस्तू म्हणून बघायची, माणूस काय करतो ते बघायचं आणि अर्थाकडे त्यानंतर वळायचं.

नव्या मुलांना मी नेहमी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हातात देते. 1967 साली रंगमंचावर आलेलं हे नाटक एका बैठकीत वाचून होतं, आणि व्यक्तिरेखा कशा बांधल्या जातात हे त्यात स्वच्छ दिसतं. एक हौशी नाट्यमंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी एका गावात आली आहे. वेळ काढायला म्हणून ते लुटुपुटूचा खटला उभा करतात, आरोपी म्हणून आपल्यातल्याच अविवाहित शिक्षिका बेणारेबाईंना उभं करतात आणि आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ खरा होतो, कारण बेणारे खरोखरच गरोदर असल्याचं त्यात उघड होतं.

पहिल्या वाचनात मुलं बेणारेबाईंच्या शेवटच्या स्वगताकडे धाव घेतात. मी त्यांना मागे, अगदी पहिल्या काही पानांवर घेऊन जाते. तिथे बेणारे आणि गावचा सामंत असे दोघंच आहेत, बाकी मंडळी अजून यायची आहेत. बेणारे हसत-खेळत एकेकाची टर उडवते. सुखात्मे वकील, पण त्यांना खटले मिळत नाहीत. पोंक्षे विज्ञानाचा आव आणतो, पण इंटरला नापास झालेला. काशीकरबाईंना मूल नाही, म्हणून बाळू रोकडेला त्यांनी सांभाळलंय. वाचताना हे सगळं गमतीचं वाटतं. आता वहीच्या एका पानावर ही यादी लिहा आणि समोर लिहा, खटल्यात यांतला प्रत्येक जण बेणारेवर कुठून वार करतो. खऱ्या कोर्टात ज्याला कुणी विचारत नाही तो सुखात्मे इथे सर्वांत त्वेषाने उलटतपासणी घेतो. ज्यांना मूल नाही त्या काशीकरबाई दुसरीच्या पोटातल्या मुलाबद्दल बोलताना सर्वांत कठोर होतात. तेंडुलकरांनी प्रत्येकाची दुखरी जागा बेणारेच्याच तोंडून आधी सांगून ठेवली आहे, आणि ती इतकी सहज सांगितली आहे की आपण तिची नोंदच घेत नाही.

व्यक्तिरेखा म्हणजे स्वभावविशेषांची यादी, ही समजूत इथे गळून पडायला हवी. ‘सुखात्मे अहंकारी, कुत्सित आणि दांभिक आहे’ असं लिहून हाती काहीच लागत नाही. त्याला काय हवंय, ते त्याला कुठे मिळालं नाही आणि आता ते तो कुणाकडून वसूल करतोय, एवढे तीन प्रश्न विचारले की माणूस उभा राहतो. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोलाकार (अनेक पदरी, अनपेक्षित वागू शकणारी) पात्रं असा भेद मांडला. अभ्यासक्रमात तो असतो आणि तो माहीत असावा. पण पात्रावर ‘गोलाकार’ असा शिक्का मारला म्हणजे विश्लेषण झालं असं होत नाही, तिथून ते सुरू होतं.

प्रा. दामले हे तर नाटकात कुठेच येत नाहीत. त्यांची वाट पाहिली जाते, साक्षीदार म्हणून त्यांच्या नावाचा पुकारा होतो, आणि ज्यांच्यापासून बेणारेला दिवस गेले ते हे गृहस्थ गैरहजरच राहतात. रंगमंचावर कोण नाही, हेही लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या.

आता वस्तूंकडे. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं. पुढे ती पर्स उचलून निघून जाऊ पाहते तेव्हा तेच दार बाहेरून लागलेलं असतं. सामंताच्या हातात पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट असतो, आणि शेवटी तो पोपट तो चाचरत, अवघडत निपचित पडलेल्या बेणारेजवळ ठेवतो. कडी आधी खरीच कडी आहे, बोटाला लागणारी. पोपट आधी खराच पोपट आहे, कुणा लहान मुलासाठी आणलेला. नाटक पुढे सरकतं तसा त्यांच्याभोवती अर्थ साचत जातो. ‘पोपट म्हणजे निरागसता’ असं एका ओळीत लिहून टाकलं, तर एका मुलासाठी आणलेली वस्तू, जिचं मूल नाकारलं गेलंय अशा बाईजवळ येऊन थांबली, हा प्रवासच हातातून सुटतो. म्हणून प्रत्येक वस्तूची छोटी वंशावळ मांडा: पहिल्यांदा कुठे दिसली, कुणाच्या हातात होती, नंतर कुणाकडे गेली.

आणि रंगसूचना वगळू नका. बेणारेच्या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रं गोठल्यासारखी स्तब्ध होतात. मग ते बोलणं कुणी ऐकलं का? की ते तिच्या मनातच राहिलं? संवादांखाली रेघा मारत गेलात तर हा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही.

या सगळ्याला आपल्याकडे फार जुनं शास्त्र आहे. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडला की घेतलेला जवळचा अर्थ) आणि व्यंजना (सुचवलेला अर्थ) या शब्दशक्ती बी. ए.ला पाठ करून लगेच विसरल्या जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या कामाच्या आहेत. ‘गंगायां घोषः’ हे ठरलेलं उदाहरण. गंगेवर गवळीवाडा कसा असेल? प्रवाहावर घरं बांधता येत नाहीत. मुख्यार्थ अडतो, म्हणून आपण ‘गंगेच्या तीरावर’ असा अर्थ घेतो. मग ‘तीरावर’ असं सरळ का म्हटलं नाही? तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्यापर्यंत पोचावं म्हणून. यातून मी दोन प्रश्न उचलले आणि ते सिनेमालाही लावते. साधा अर्थ कुठे अडतोय, किंवा गोष्टीला लागते त्यापेक्षा जास्त जागा या वस्तूला का मिळालीय? आणि हेच सरळ दाखवलं असतं तर काय हरवलं असतं? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती वस्तू सुखाने वस्तूच राहू द्या. प्रत्येक छत्री प्रतीक नसते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त हे प्रश्न लावून पाहा. चित्रपट फेब्रुवारी 2014 मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. गावात डुकरं पकडण्याचं काम त्याच्या घरच्यांवर येतं. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिला जाळून ती राख वर्गातल्या शालूवर टाकली की शालू आपल्यावर प्रेम करेल, असं त्याने ऐकलंय. चिमणी आधी एवढीच आहे: एका मुलाचा तोडगा, हातात बेचकी आणि ओसाड माळावरची पायपीट. पण ती सापडत नाही आणि चित्रपट तिचा माग सोडत नाही. दुसरीकडे डुक्कर आहे, जे जब्याला अजिबात नको आहे आणि जे त्याच्या वाट्याला येतंच. एक प्राणी शोधूनही मिळत नाही, दुसरा टाळूनही टळत नाही. या दोन शोधांची रचना समोर ठेवली की चिमणीबद्दल काय लिहायचं ते आपोआप सुचतं. एकट्या चिमणीकडे बघत राहिलात तर ‘स्वप्नांचं प्रतीक’ यापलीकडे गाडी जात नाही.

राष्ट्रगीताच्या प्रसंगाबद्दल सगळेच लिहितात, आणि बहुतेक जण लगेच ‘व्यवस्थेवरचं भाष्य’ म्हणून मोकळे होतात. आधी नुसतं वर्णन लिहून पाहा. डुकराचा पाठलाग चाललाय. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागीच उभा राहतो, घरचेही उभे राहतात, डुक्कर मात्र चालत राहतं. जब्या थांबतो तो शाळेत शिकलाय म्हणून, आणि त्याच शाळेच्या आसपास, वर्गातल्या मुलांच्या नजरेसमोर त्याला हे काम करावं लागतंय. पुढे डुक्कर बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई अशी चित्रं दिसतात. इथे कॅमेरा कुठे ठेवलाय, भिंत चौकटीत किती वेळ राहते, माणसं किती वेगाने चालतात, हे टिपून ठेवा. त्या भिंतीवर एकही संवाद नाही. जे काही आहे ते चौकटीच्या मांडणीत आहे, म्हणून तुमचा पुरावाही तिथूनच यायला हवा.

यासाठी एक उपाय सांगते. निवडलेला प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग चित्राकडे पाठ करून नुसता ऐका. दोन्ही वेळा जे सापडतं ते वेगळं असतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा एका खटल्याभोवती फिरणारा चित्रपट ‘कोर्ट’ (2014) व्यक्तिरेखेच्या अभ्यासासाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे कुणीही स्वतःबद्दल सांगत नाही. सरकारी वकील नूतन कोर्टातून निघते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते. बचावाचे वकील व्होरा सुपरमार्केटमध्ये खरेदी करतात. कॅमेरा लांब, बहुतेकदा स्थिर. न्यायालयाचं दालन रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा अंधारतो आणि चित्रपट संपला असं वाटतं. पण तो संपत नाही. पुढे सुट्टीवर गेलेले न्यायाधीश दिसतात. दिग्दर्शकाने तिथेच का थांबवलं नाही? या एका प्रश्नावर चांगला निबंध होतो.

आशयसूत्राबद्दल, म्हणजे कृती आपल्या विषयाबद्दल काय म्हणते त्याबद्दल, थोडक्यात. ‘जात’ हा विषय झाला, ‘स्त्रीवरील अन्याय’ हाही विषयच. आशयसूत्र पूर्ण वाक्यात लिहावं लागतं, आणि ते असं असावं की त्याच्याशी कुणी वाद घालू शकेल. ‘शांतता!’साठी मी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहिते: नीतीच्या नावाने शिक्षा देणारी माणसं आपल्या अपयशाचा हिशेब दुसऱ्याच्या शरीरावर चुकता करतात. निकालाकडे बघितलं की या वाक्याला बळ मिळतं, कारण भ्रूणहत्येच्या आरोपावर चाललेल्या खटल्यात शिक्षा भ्रूणहत्येचीच सुनावली जाते. पण मग सामंताचं काय? तो तर भला माणूस. तरीही साक्षीदाराची जागा भरून काढताना तो एका कादंबरीच्या आधारे साक्ष रचतो, आणि तीच बेणारेला सर्वांत जास्त लागते. म्हणजे माझं वाक्य अपुरं आहे. अजाण भलेपणाही या खेळाला हत्यार पुरवतो, हे त्यात यायला हवं. वाक्याला न जुमानणारं पात्र मुद्दाम शोधायचं आणि वाक्य दुरुस्त करायचं. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

लेखकाच्या आणि दिग्दर्शकाच्या मुलाखती वाचा, पण स्वतःचं टिपण लिहून झाल्यावर. आधी वाचल्या की आपले डोळे त्यांच्या वाक्यांमागे धावू लागतात.

पुढे यातून काय करता येतं, हेही विद्यार्थी विचारतात, आणि घरची जबाबदारी असणाऱ्यांनी विचारायलाच हवं. अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि कायमच्या जागांची वाट पाहावी लागते. हे आधीच धरून चाला. प्रकाशनसंस्थांमध्ये संपादन, पटकथांचं वाचन आणि त्यावर अभिप्राय, उपशीर्षकांचं भाषांतर, दिवाळी अंकांसाठी लेखन ही कामंही आहेत आणि त्यांत नेमकं वाचणारा माणूस लागतो. सिनेमाकडे ओढा असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रसास्वाद अभ्यासक्रमाची माहिती काढा. मुंबईत असाल तर 1968 पासून चालू असलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचे सभासद व्हा. तिथे खेळ संपल्यावर होणाऱ्या चर्चेत बोलण्याचं धाडस करा, कारण आपलं मत पुराव्यानिशी मांडण्याचा सराव तिथेच होतो.

पहिल्या लेखासाठी अख्खी कादंबरी किंवा अख्खा चित्रपट घेऊ नका. एकच प्रसंग घ्या, पाचेक मिनिटांचा किंवा तीन-चार पानांचा. त्याचं वर्णन ‘प्रतीक’ हा शब्द एकदाही न वापरता लिहा. मग ते अशा मित्राला वाचायला द्या ज्याने मूळ कृती पाहिलेली नाही, आणि त्याला कुठे प्रश्न पडले ते विचारा. त्या प्रश्नांपासून दुसरा खर्डा सुरू करा.