दगडावरचं रक्त: या वाटेवर येणाऱ्यांसाठी

प्राचीन दगडी हत्यारांवर प्राण्यांचे अंश शोधते म्हटलं, की फोंड्यातले नातेवाईक लगेच विचारतात, "मग रक्त सापडलं का?" या कामातली खरी मेहनत 'हो' म्हणायच्या आधीची असते.

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे लघवीतलं रक्त तपासायची हेमास्टिक्स पट्टी. हत्यारावरून काढलेला अर्क तिच्यावर टाकायचा. हिमोग्लोबिन असेल तर पट्टी हिरवी-निळी होते. पण मँगनीज, हरितद्रव्य आणि जंतूंची विकरंही पट्टीला तोच रंग आणतात. आपल्या चिऱ्याच्या मातीत तर लोखंड-मँगनीजची ददात नाही! म्हणून हत्याराला खेटून असलेली मातीही तपासायची. तिनेही रंग दिला, तर हत्यारावरचा रंग मोजायचा नाही.

पुढे प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) चाचण्या. प्रतिपिंड म्हणजे ठराविक प्राण्यांच्या प्रथिनांना चिकटणारी प्रथिनं. त्यांतून प्राण्याची जात क्वचितच ठरते, बहुधा कुळापर्यंतच पोचता येतं. 1983 साली संशोधक टॉम लॉय यांनी हत्यारांवरच्या रक्तावरून प्राणी ओळखल्याचं 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं आणि पुढे त्यावर बराच वाद झाला. तो शोधनिबंध वाचाच, पण त्यावरचे आक्षेप आधी वाचलेत तर बरं. 2016 मध्ये जॉर्डनमधल्या अझ्राकच्या अडीच लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांवर गेंडा, घोडा, उंट, बदक यांची प्रथिनं मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. इतकी जुनी प्रथिनं टिकतात का, ही शंका मला रास्त वाटते.

सापडलेलं हत्यार धुवायचं नाही, मातीसकट पिशवीत घालायचं. हातमोजे बिनपावडरचे हवेत. पावडरीतला मक्याचा स्टार्च पुढे वनस्पतींचे कण शोधताना घोळ घालतो.

सरावाला परवाना लागत नाही. गारगोटीचे छिलके पाडा, एकाने बांगडा साफ करा, दुसऱ्याने मटण कापा, तिसरा कोराच ठेवा. तिन्ही परसात पुरा आणि पावसाळा सरल्यावर तपासा. कोरा छिलकाही 'रक्त' दाखवायला लागला, की माझं म्हणणं पटेल. (मांजरांपासून जपा.) खऱ्या स्थळांवरचं मात्र काही उचलू नका. गोव्यातलं कुशावतीकाठचं पणसायमळ, प्राचीन खडकचित्रांचं स्थळ, डोळे भरून बघावं, खिसे भरून नव्हे. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो.

पदवी रसायनशास्त्राची किंवा जीवशास्त्राची असली तरी चालते. पुरातत्त्वाच्या एमएसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. नोकऱ्या मोजक्याच. पण प्रतिपिंडांची ही पद्धत मुळात न्यायवैद्यकातून आलेली, त्यामुळे शिकलेला हात तिकडच्या प्रयोगशाळेतही चालतो.