ग्राफिक्स कार्डला चिकटवलेला हीटसिंक काढताय? या चुका टाळा

हीटसिंक म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा. तो काढायच्या आधी कार्ड उलटं करून मागची बाजू नीट बघा. तिथे स्प्रिंगवाले स्क्रू किंवा प्लास्टिकच्या पिना दिसल्या तर हीटसिंक गोंदाने चिकटवलेला नाहीये, चिप आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून घट्ट धरून बसलीय इतकंच. हल्लीच्या बहुतेक कार्डांचं असंच असतं. खरा चिकटवलेला सापडतो तो जुन्या कार्डांवर, १९९९ चं वूडू ३ घ्या, त्याच्या चिपवर हीटसिंक थर्मल इपॉक्सीनेच, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या कडक गोंदानेच, बसवलेला यायचा. नाहीतर मग मेमरी चिपांवरचे टेपने लावलेले छोटे तुकडे.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्याकडे लोकं हीच करून राहिले: स्क्रू ड्रायव्हर फटीत घालायचा आणि उचकटायचं. कृपा करून नका करू. चिप बोर्डावर उभी असते ती खाली असलेल्या शेकडो बारीक सोल्डरच्या गोळ्यांवर, आणि इपॉक्सीची पकड त्या गोळ्यांपेक्षा जास्त असू शकते, त्यामुळे तुम्ही सरळ वर ओढलं की हीटसिंक सुटत नाही, चिपच उपटून येते आणि सोबत बोर्डावरचे तांब्याचे पॅडही. असं एक कार्ड मी हातात घेऊन पाहिलंय, चिपच्या जागी एका कोपऱ्यातले पॅड उखडून नुसता फिकट बोर्ड उरला होता, आणि ड्रायव्हर जिथे टेकवला तिथला तांदळाच्या कणीएवढा कपॅसिटर गायब. ते परत जिवंत होत नाही हो. मेमरी चिपा तर त्याहून नाजूक.

जोर वर लावायचाच नाही, फिरवायचा. कार्ड टेबलावर सपाट ठेवा, एका हाताने बोर्ड दाबून धरा म्हणजे वाकणार नाही, आणि हीटसिंक थोडा डावीकडे थोडा उजवीकडे असा फिरवत राहा. हलत नसेल तर जोर वाढवू नका, पद्धत बदला.

पद्धत गोंदावर ठरते आणि इथे बरेच जण उलटं करतात. टेप किंवा वाळलेली पेस्ट असेल तर उष्णता द्या, हेअर ड्रायर बेताने फिरवा, किंवा कार्ड चालत असेल तर दहा मिनिटं गेम चालवा, मग पीसी बंद करून प्लग काढा आणि गरम आहे तोवरच फिरवा. इपॉक्सी मात्र ड्रायरने फारशी ऐकत नाही, ती थंडीत कडक होऊन तडकते. कार्ड अँटीस्टॅटिक (स्टॅटिक विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत, वरून झिपची पिशवी, हवा दाबून काढायची आणि एखाद दोन तास फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्या काढल्या फिरवा, सुटताना कट् असा आवाज येतो. नाही सुटला तर परत फ्रीजर, घाई कशाला.

यानंतरची चूक खास नागपूरची. मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू असतो, खोलीतली हवा ओलसर, आणि त्या हवेत फ्रीजरमधलं कार्ड काढलं की मिनिटाभरात त्याला घाम फुटतो. पावसाळ्यातही तेच. तसंच ओलं कार्ड लावून पीसी सुरू केला तर शॉर्ट होऊ शकतं. कूलरपासून लांब, दुसऱ्या खोलीत पंख्याखाली रात्रभर राहू द्या आणि मगच लावा. उन्हात मात्र ठेवू नका. आणि हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा स्वेटर घालून कार्डला हात लावायच्या आधी पीसीच्या उघड्या लोखंडी बॉडीला हात लावून घ्या, अंगावरची स्टॅटिक वीज उतरते.

चिपवर उरलेला गोंद ब्लेडने खरवडू नका, जुन्या एटीएम कार्डाची कड वापरा, पेस्ट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं मिळालं तर उत्तम. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं.

नवीन हीटसिंक फेविक्विकने तर अजिबातच बसवू नका, ते उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही आणि चिप तापत राहते. बोर्डाला भोकं असतील तर बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) पेस्ट आणि पिनांचा हीटसिंक आणा, भोकांमधलं अंतर आधी मोजून न्या. भोकं नसतील तरच थर्मल अ‍ॅडहेसिव्ह, आणि तेही पातळच.