द्राक्षबियांची कॅप्सूल आणि पायांच्या फुगलेल्या शिरा: या चुका टाळा

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंत, दिंडोरीकडील पॅकहाउसमध्ये महिला दिवसभर उभ्या राहून घडांतील खराब मणी कात्रीने काढत असतात. संध्याकाळी त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. अशा वेळी कोणीतरी द्राक्षबियांच्या अर्काची कॅप्सूल सुचवते.

या कॅप्सूलने फुगलेली शीर पूर्ववत होईल, असे मानणे ही सर्वांत मोठी चूक आहे. पायांतील रक्त वर चढताना ते मागे येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात. वनस्पतिजन्य संयुगांमुळे सूज व जडपणा काही प्रमाणात कमी होऊ शकतो, परंतु बिघडलेली झडप त्यांनी दुरुस्त होत नाही. त्यातही अधिक अभ्यास झाला आहे तो लिंबूवर्गीय फळांशी संबंधित डायोस्मिन व हेस्पेरिडिन यांचा. त्यांची दिवसाची नेहमीची मात्रा १००० मिलिग्रॅम असते आणि गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात निराश होऊन गोळ्या सोडू नयेत.

वाटीभर द्राक्षे खाऊन कॅप्सूलइतकेच साधेल, हाही गैरसमजच. द्राक्षांतील ही वनस्पतिजन्य संयुगे मुख्यतः बियांत आणि काही प्रमाणात सालीत असतात, आणि आपली थॉम्सन, सोनाका तर बिनबियांची. (बागायतदारांना बोर्डो मिश्रणाच्या फवारणीमुळे ओळखीच्या असलेल्या फ्रान्समधील बोर्डो शहरातील संशोधक जाक मास्केलिए यांनी १९४७ च्या सुमारास ही संयुगे प्रथम वेगळी केली, ती शेंगदाण्याच्या लाल सालीतून, कूट करताना आपण सुपात पाखडून टाकतो, तीच ही साल.) वाइन हा तर उपाय नव्हेच.

कॅप्सूल सुरू झाली म्हणून दाबाचे मोजे (पाय घट्ट आवळून धरणारे) कपाटात टाकू नयेत. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज नसताना चढवावेत. उभ्या कामात अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात, कारण रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायूच करतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा अर्क घेऊ नये. गरोदरपणातही हेच लागू आहे. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला व गरम लागला, तर तो चोळू नये आणि कॅप्सूलचा गुण येण्याची वाट पाहू नये: आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते, ती सुटून फुप्फुसात अडकू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.