ट्राउटची दुपार : मासा धरताना आणि पाण्यात परत सोडताना

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो चपळ असतो, भरपूर खातो आणि गळाशी झालेल्या झटापटीतून लवकर सावरतो. पाणी २० अंशांच्या घरात गेले की मात्र तीच झटापट त्याच्या जिवावर बेतू शकते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो (१० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९), आणि नेमकी त्याच वेळी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून दुपारच्या मासेमारीला निघताना पिशवीत सर्वांत आधी थर्मामीटर ठेवावा. काठावर पोहोचल्यावर तो दोरीला बांधून सावलीतल्या वाहत्या पाण्यात हातभर खोल सोडावा, दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा, आणि आकडा पाहूनच रॉड जोडायला घ्यावा.

दुपार चांगली की वाईट, हे ऋतू ठरवतो. वसंताच्या सुरुवातीला रात्रभर गारठलेले पाणी दुपारी थोडेसे ऊबदार होते, तळाशी दगडांखाली असलेले कीटक पृष्ठभागाकडे येऊ लागतात आणि ट्राउट त्यांच्या मागे लागतो. अशा दिवसांत दुपारचे दोन-तीन तास सर्वांत फलदायी ठरतात. भर उन्हाळ्यात नेमके उलटे घडते, कारण नदी हवेच्या मागून तापते आणि दुपार कलताना तिचे पाणी सर्वाधिक गरम असते. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअसपर्यंत गेले की त्या नदीवर दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवण्याची तरतूद आहे. माझ्या मते ही मर्यादाही उशिराचीच आहे. मी १९ अंशांना थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो.

नियम घरीच वाचून घ्यावेत, आणि दरवर्षी नव्याने वाचावेत. एकाच नदीच्या दोन टप्प्यांवर वेगळे नियम असू शकतात: एका ठिकाणी आमिषाला परवानगी, तर पुलापलीकडे फक्त कृत्रिम फ्लाय (कीटकासारखे दिसणारे नकली आमिष) आणि एकेरी, उलट्या काट्याविना गळ. ‘पकडा आणि सोडा’ हा नियमही सगळीकडे सारखा नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट पाण्यात सोडावाच लागतो, पण यलोस्टोन सरोवरात बाहेरून आलेला लेक ट्राउट गळाला लागला तर तो जिवंत परत सोडता येत नाही, कारण तो कटथ्रोटला खाऊन संपवतो. स्वित्झर्लंडमध्ये तर केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडण्यालाच मनाई आहे. त्यामुळे आपल्या हातात आलेला मासा कोणत्या जातीचा आहे हे एका नजरेत ओळखता येणे हा नियम पाळण्याचाच भाग आहे. रेनबो ट्राउटच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटीवर बारीक काळे ठिपके दाटलेले असतात. ब्राउन ट्राउटच्या अंगावर काळ्या ठिपक्यांबरोबर फिकट कडेचे लाल ठिपके दिसतात आणि शेपटी बहुधा कोरी असते. कटथ्रोटच्या जबड्याखाली नारिंगी-लाल रेघा असतात.

रॉड आणि रीळ यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, पण गळाकडे नीट पाहावे. गळाच्या टोकाजवळ मागे वळलेला जो बारीक काटा असतो, तो छोट्या पक्कडीने दाबून सपाट करावा आणि मग गळ सुती कापडात रुतवून ओढून पाहावा. तो धागा न अडकता सुटला तर काम झाले. अडकला तर पुन्हा दाबावा. दोरी ताणलेली ठेवली तर असा गळ सहसा आपोआप सुटत नाही, आणि माशाच्या ओठातून तो क्षणात निघतो. जाळी रबराची घ्यावी. गाठी मारलेल्या दोऱ्याच्या जाळीने पर फाटतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. हा थर माशाला बुरशीपासून आणि जंतूंपासून वाचवतो, आणि तो निघालेल्या जागी काही दिवसांनी कापसासारखी पांढरी बुरशी धरू शकते. टिपेट, म्हणजे फ्लायच्या आधीचा बारीक दोरा, माशाच्या नजरेला चुकवता येईल इतका बारीक पण शक्य तितका मजबूत असावा, कारण कच्च्या दोऱ्यावर मासा खेळवत बसावे लागते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहून येणारे खाद्य टिपतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, हळू पावले टाकत जावे. जलद आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भिडते ती रेघ, मोठ्या दगडाच्या पुढची आणि मागची जागा, आणि कापलेल्या काठाखालची सावली या ठिकाणी तो हमखास सापडतो. फ्लाय त्याच्या वरच्या अंगाला टाकून प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. दोरीने ओढली गेलेली फ्लाय तो सहसा नाकारतो. तळाच्या वाळूत कुठे ताटाएवढा किंवा त्याहून मोठा, स्वच्छ आणि आजूबाजूपेक्षा फिकट खडीचा पट्टा दिसला तर तिथे पाय ठेवू नये. ते ट्राउटचे घरटे असते आणि खडीखाली अंडी असतात. ब्राउन ट्राउट शरदात आणि हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतो, रेनबो बहुतेक वसंतात.

मासा लागल्यावर रॉड सरळ वर न धरता आडवा झुकवून बाजूने ताण द्यावा, म्हणजे त्याचा तोल ढळतो आणि तो लवकर जवळ येतो. १९९२ मध्ये कॅनडात झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवले. पाण्यातच राहिलेल्यांपैकी १२ टक्के पुढे मेले. दमल्यानंतर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. हवेत कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि दमछाक झालेल्या शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. हे आकडे मला ठाऊक नव्हते तेव्हा एका मोठ्या ब्राउनचे छायाचित्र मनासारखे यावे म्हणून मी त्याला तीन वेळा पाण्याबाहेर उचलले होते. तो माझ्या हातातून व्यवस्थित पोहत गेला. परतताना खालच्या वळणावर, दोन दगडांच्या मध्ये, तोच मासा पोट वर करून पडलेला दिसला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच ठेवायची. हात कोपरापर्यंत ओले करायचे. एका हाताने पोटाखाली, छातीच्या परांमागे, हलका आधार द्यायचा. कल्ल्यांत बोट घालायचे नाही आणि मूठ आवळायची नाही, कारण मासा सुटका करून घ्यायला जितका धडपडतो तितके आपण दाबत जातो आणि आत हृदय व यकृत चेपले जाते. लांब चिमट्याने गळाची मागची वाक धरून तो आला त्याच वाटेने मागे ढकलायचा. छायाचित्र हवेच असेल तर कॅमेरा आधी तयार असावा, मासा पाण्यालगत उचलावा आणि अंगावरून पाणी निथळत असतानाच परत खाली ठेवावा.

गळ घशात खोल गेला असेल तर तो उपटू नये. तोंडाशी दोरा कापून मासा सोडून द्यावा. ओढून काढण्यापेक्षा असे केल्याने तो वाचण्याची शक्यता अधिक असते आणि पुष्कळदा गळ पुढे आपोआप निघून जातो. मासा आमिष गिळतो, फ्लाय बहुधा ओठातच अडकते, म्हणून सोडायच्याच माशासाठी मी आमिष वापरत नाही.

सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून, संथ पण वाहत्या पाण्यात, तो सरळ उभा राहील इतकाच आधार द्यावा. पुढे-मागे हलवू नये, कारण मागे ओढल्यावर कल्ल्यांतून पाणी उलटे जाते. कल्ले एका लयीत उघडमीट करू लागले की हात सैल करावा. घाई त्याला करू द्यावी, आपण करू नये. कधी तो लगेच जातो, कधी पाच मिनिटे आपल्या पायाशी सावलीत थांबतो, आणि तोवर आपणही पाय हलवू नयेत.

तासाभराने थर्मामीटर पुन्हा पाण्यात घालावा. घरी परतल्यावर बूट आणि जाळी चिखल काढून धुवावीत, आणि दुसऱ्या नदीवर जाण्याआधी ती आतपर्यंत पूर्ण वाळवावीत, कारण डिडिमोसारखे शेवाळ आणि माशांचे रोग ओल्या बुटांतूनही एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पोहोचतात.